उषेचे मागणे

मैत्रिणींनो, वेरूळला गेलात की कैलास पाहून लगेच परतू नका. 25 व्या लेण्यात, म्हणजे कुंभारवाड्यात, मान वर करून बघा. छतावर सात घोड्यांच्या रथातला सूर्य कोरला आहे. सूर्यमूर्तीच्या दोन्ही बाजूंना उषा नि प्रत्युषा बाण मारून अंधार पळवताना दाखवायची जुनी रीत आहे. ऋग्वेदात या उषेची वीसएक सूक्ते आहेत.

ग्रीकांची पहाटदेवी ईऑस म्हणजे जणू तिची बहीणच. दोन्ही नावे एकाच मुळातली. ईऑसने आपल्या मर्त्य नवऱ्यासाठी, टिथोनससाठी, देवराज झ्यूसकडे अमरपण मागितले. तारुण्य मागायचे मात्र विसरली! तो जख्ख म्हातारा होत गेला, पण सुटका नाही. शेवटी तिने त्याला खोलीत बंद करून ठेवले.

आमच्या सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळल्या होत्या. ही गोष्ट ऐकून म्हणाल्या, “अगं, शंभर वर्षं कशाला? हातपाय चालते राहू देत, एवढंच माग.”

तेव्हापासून पहाटे चहाचे आधण ठेवण्याआधी मी हर्सूल तलावाकडे अर्धा तास चालून येते. तुम्हीही मागणे नीट मागा, आणि चार पावले चालायलाही लागा!