कार्ल्सबाडचा उतार

मोटोक्रॉस म्हटलं की मला कॅलिफोर्नियातला कार्ल्सबाडचा ट्रॅक आठवतो. काँक्रीटसारखी टणक माती आणि धडकी भरवणारा उतार! १९७३ पासून इथे ५०० सीसीची अमेरिकन ग्रां प्री व्हायची आणि सात वर्षं परदेशी रायडरच जिंकायचे. १९८० मध्ये यामाहावर मार्टी मोट्स जिंकला... या शर्यतीतला पहिला अमेरिकन विजेता!

२००४ मध्ये ट्रॅक बंद पडला, तिथे ऑफिसं उभी राहिली. जागा महागली की विकली जाणारच, मान्य. पण निकालाचे आकडे वाचून ती शर्यत किती अवघड होती ते कळत नाही राव, त्यासाठी तो उतारच बघावा लागतो. निदान तेवढा तरी राखायला हवा होता, असं आपलं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?