बेकार भत्ता : विमा की खैरात?

नशेत असलेल्या माणसाच्या हाती यंत्र द्यावे, असे कोणताही मालक म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही. नशा हराम आहे, आणि तिने किती कारागिरांची घरे धुळीला मिळवली हे आपल्या बाजाराने पाहिले आहे. परंतु अमेरिकेत नशेच्या तपासणीला बेकार भत्त्याशी जोडले गेले आहे. त्यातला हिशेब व्यापारी बांधवांनी समजून घ्यावा.

तिथला बेकारी विमा १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने आला. बहुतेक राज्यांत त्याचा हप्ता मालकच भरतो. स्वतःचा दोष नसताना काम सुटले की मजुराला काही आठवडे भत्ता मिळतो. अट एवढीच, की त्याने काम शोधावे आणि योग्य काम नाकारू नये. आता नवा मालक नेमणुकीपूर्वी लघवीची तपासणी मागतो. उमेदवार तीत नापास झाला किंवा त्याने नकार दिला, तर काही राज्ये ‘काम नाकारले’ असे धरून भत्ता बंद करतात.

२०१२ च्या कायद्याने राज्यांना भत्ता मागणाऱ्याचीच तपासणी करण्याची मुभा दिली, पण दोनच बाबतींत : नशेमुळे काम गेले असेल तर, किंवा त्याला जमणाऱ्या धंद्यात अशी तपासणी नेहमीची असेल तर. कोणते धंदे, हे ठरवणारा २०१६ चा नियम २०१७ मध्ये रद्द झाला. २०१९ मध्ये अधिक सैल नियम आला.

ट्रकचालकाची तपासणी रास्त आहे. तिथे इतरांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण सरसकट संशय कशासाठी? फ्लोरिडा राज्याने २०११ मध्ये गरिबांच्या रोख मदतीसाठी अशीच सक्ती केली. ४,०८६ जणांत नापास झाले १०८. पुढे न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

माल विकून पैसे घेतल्यावर नवी अट घालणाऱ्याला बाजारात काय म्हणतात, हे आम्ही सांगायला नको. हप्ता भरलेला विमा ही खैरात नव्हे.

आता आपल्याकडे पाहू. कामगार राज्य विम्याखाली २०१८ मध्ये बेकार भत्त्याची अटल योजना आली. २०२० मध्ये भत्ता सरासरी मजुरीच्या निम्मा झाला, जास्तीत जास्त ९० दिवस. पण तो विमा उतरवलेल्यालाच. मागावरच्या ज्या कारागिराचे नावच रजिस्टरात नाही, त्याला कोण विचारणार? अमेरिकेला नावे ठेवण्याआधी आपण आपले रजिस्टर उघडावे.