सीलिंगची पांढरी धूळ

नौपाड्यात शनिवारी दुपारी झोपायचं तर शेजारी फॉल्स सीलिंगचं काम नको. गेल्या महिन्यात ते आमच्याकडेच होतं!

जिप्सम बोर्ड कापणं तसं सोपं. कटरने कागदावर रेघ मारायची आणि बोर्ड मोडायचा, धूळ फार नाही. खरी मजा नंतर, सांध्यांवरचा मसाला वाळला की पॉलिश पेपरने घासतात तेव्हा. जिप्समने नुसतं घसा-डोळे चुरचुरतात, पण मसाल्यात सिलिका असू शकते आणि ती फुप्फुसात साचते. अमेरिकेतल्या 'नायॉश'ने १९९९ मध्येच सांगितलंय, व्हॅक्यूम जोडलेल्या सँडरने ही धूळ ८० ते ९७ टक्के कमी होते.

आमच्याकडे घासणारा मुलगा तोंडाला रुमाल बांधून होता. त्याने बारीक धूळ थोडीच अडते? मी एन-९५ दिला, तर म्हणाला, "साब, दम घुटता है." (तासभर घालून शिडीवर चढा, पटेल.) म्हणून मला वाटतं, मास्क नंतर, आधी धूळच कमी करा. कोटेशन घेतानाच व्हॅक्यूम सँडर मागा, आणि त्याचे पैसे आपण द्यायचे. मी मात्र स्क्वेअर फुटामागे पाच रुपयांसाठी घासाघीस केली होती. मशीनचं विचारायचं सुचलंच नाही. ऑफिसात एसीच्या फिल्टरबद्दल ॲडमिनला मेल टाकणारा मीच तो...