होडीच्या कुशीवरची रेघ

फळांच्या रसाचे एक लिटरचे रिकामे खोके आडवे ठेवून त्याची वरची रुंद बाजू कात्रीने काढून टाकली, की होडी निम्मी तयार होते. कडा पसरू नयेत म्हणून मधोमध आइस्क्रीमची काडी आडवी चिकटवावी. पुढचे टोक निमुळते करण्याचा मोह मुलांना होतोच. पहिल्या होडीपुरता तो आवरावा. चौकोनी होडीचा हिशेब सहज मांडता येतो, आणि व्यापारी घरातील मुलाला खरी गोडी त्या हिशेबातच लागते.

समजा, खोके २० सेंटिमीटर लांब, ९ रुंद आणि ६ खोल आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते आणि एक घन सेंटिमीटर पाण्याचे वजन एक ग्रॅम असते. तेव्हा ही होडी एक सेंटिमीटर बुडण्यास १८० ग्रॅम भार लागतो आणि काठापर्यंत बुडण्यास १०८०. खोक्याचे वजन तीस ग्रॅम धरले, तरी शंभर ग्रॅमच्या मिठाच्या दहा पुड्या नेता येतील, असे मूल उत्साहाने सांगते.

हिशेब चुकलेला नाही. टबातील स्थिर पाण्यात दहा पुड्या घेऊन होडी खरोखर तरंगते. मात्र काठ पाण्याच्या वर तीन मिलिमीटरसुद्धा उरत नाही. हाताने पाणी किंचित हलवावे, की एक लाट आत येते. आत आलेले पाणी खालच्या बाजूकडे धावते, होडी आणखी कलते आणि क्षणात तळाशी जाते. सात पुड्या सपाट मांडल्या, तर जवळजवळ दोन सेंटिमीटर काठ मोकळा राहतो व तीच लाट बाहेरच थोपते. त्याच सात पुड्या एकावर एक रचल्या, तर मात्र होडी उलटण्याची भीती असते.

उरलेल्या तीन पुड्यांचे भाडे सोडायचे की नाही, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये खलाशांचे प्राण जात होते. जुनी जहाजे काठोकाठ भरली जात. विमा उतरवलेला असल्याने बुडालेल्या जहाजाची मालकाला फारशी चिंता नसे. याविरुद्ध सॅम्युअल प्लिमसॉल हा खासदार उभा राहिला. तो स्वतः कोळशाचा व्यापारी होता, हे विशेष. १८७५ साली विधेयक बाजूला सारले जाताच त्याचा सभागृहात संताप अनावर झाला. १८७६च्या कायद्याने जहाजाच्या कुशीवर भाररेषा काढणे सक्तीचे झाले, पण ती कोठे काढायची हे मालकावरच सोपविले होते! एका कप्तानाने ती धुराड्यावर रंगविली, अशी कथा सांगतात. १८९०मध्ये कायद्याने रेषेची जागाही ठरवून दिली.

मुलांनी आपल्या होडीच्या चारही बाजूंना काठाखाली दोन सेंटिमीटरवर न पुसणाऱ्या शाईने रेघ ओढावी आणि माल तिच्यापर्यंतच भरावा. न्हावा-शेवा बंदरात माल घेऊन येणाऱ्या जहाजांवर अशीच खूण असते: एक वर्तुळ आणि त्यातून जाणारी आडवी रेषा. शेजारी आणखी काही रेघा दिसतात. त्यांतील गोड्या पाण्याची रेघ समुद्राच्या पाण्याच्या रेघेहून थोडी वर असते, कारण खारे पाणी जड असल्याने तोच भार कमी बुडून पेलते. टबात पुरेसे मीठ विरघळवले, तर खोक्याची होडीही दोन-तीन मिलिमीटर वर उचललेली दिसते.