विश्लेषण : नाशिकच्या वाइन पर्यटनाचा द्राक्ष उत्पादकाला किती लाभ?

जानेवारी ते मार्च हा नाशिकमध्ये वाइनच्या द्राक्षांच्या काढणीचा हंगाम. याच काळात गंगापूर धरण परिसरातील वायनरींत मुंबई-पुण्याच्या पर्यटकांची गर्दी होते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्याने मुंबईकरांचा प्रवास आणखी सुकर झाला. मात्र पर्यटक वाढले म्हणजे द्राक्ष उत्पादकाचे उत्पन्नही वाढले, असे समीकरण मांडता येत नाही.

गोदावरीच्या खोऱ्यातच वायनरी का?

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, पाण्याचा निचरा होणारी जमीन, धरणांचे पाणी आणि हिवाळ्यातील थंड रात्री ही त्याची कारणे. खाण्याच्या द्राक्षांचा अनुभव येथील शेतकऱ्यांकडे आधीपासूनच होता. १९९९ मध्ये ‘सुला’ची सुरुवात झाली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून करसवलती दिल्या आणि वायनरींची संख्या वाढली.

पर्यटक कशासाठी येतात?

वाइनची चव घेणे, ती कशी तयार होते ते पाहणे, पायाने द्राक्षे तुडवणे, मळ्यात मुक्काम आणि धरणाच्या पाण्यावरचा सूर्यास्त. त्र्यंबकेश्वर आणि पंचवटी जवळच असल्याने एकाच सहलीत देवदर्शनही होते. वायनरीसाठी हा ग्राहक मोलाचा असतो. बाटली थेट विकली गेल्याने दुकानदाराचे कमिशन वाचते, शिवाय खोली आणि जेवणाचे उत्पन्न मिळते.

मग शेतकऱ्याची अडचण काय?

खाण्याची द्राक्षे निर्यात झाली नाहीत, तर स्थानिक बाजारात विकता येतात किंवा त्यांचे बेदाणे करता येतात. वाइनच्या शिराझ, कॅबरने, सोव्हिनियाँ ब्लाँ या वाणांचे मणी लहान आणि बियांचे असतात. वायनरीने ती घेतली नाहीत, तर दुसरा ग्राहक मिळणे कठीण. २००८ ची जागतिक मंदी आणि मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर वाइनची मागणी घटली, तेव्हा नेमके हेच झाले. माल पडून राहिला आणि अनेक शेतकऱ्यांनी बागांवर कुऱ्हाड चालवली. करार असेल तर आधी ठरलेला दर मिळतो, ही जमेची बाजू. पण तो करार पाळला जाणे वायनरीच्या आर्थिक स्थितीवर अवलंबून असते.

सरकारची भूमिका काय?

वाइनवरील २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्क्यांचा परतावा देण्याची राज्याची योजना आहे. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली होती. त्यासाठी शेतकरीहिताचे कारण देण्यात आले. पण विरोधानंतर तो निर्णय मागे पडला. परतावा वायनरीच्या हाती पडतो आणि पर्यटकाचा पैसाही तिच्याच गल्ल्यात जातो. त्यामुळे सवलतींना द्राक्ष खरेदीच्या हमीची अट जोडली, तरच पर्यटनाचा लाभ बांधापर्यंत पोहोचू शकेल.