सभा टाळा, मत टाळूं नका

सांथ आली म्हणजे गरिबाला दोन्हीकडून मार बसतो. घराबाहेर पडावें तर जिवाची धास्ती, घरांत बसावें तर चुलीची काळजी. त्यांतच निवडणूक आली कीं शहाणे लोक सांगूं लागतात, "बाबांनो, आधीं जीव वांचवा, मताचें काय घेऊन बसलांत!" हा उपदेश वरवर दयेचा दिसतो. पण तो ऐकण्यापूर्वीं आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं एकच प्रश्न विचारावा: आम्ही घरीं बसलों तर आमच्या वतीनें बोलणार कोण? सावकार व ठेकेदार मताला गेल्यावांचून राहत नाहींत. त्यांची मोटार दारांत उभी असते. रांगेला भिऊन मागें फिरतो तो पायीं जाणारा मजूर.

हा हक्क आम्हांला वाडवडिलांच्या वतनांतून आलेला नाहीं. इंग्रजी अमलांत खेड्यांतल्या माणसाचें मत शेतसाऱ्याच्या आंकड्यावर ठरे. बहुतेक कुळें, बलुतेदार व मजूर त्याबाहेर राहत. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषाला मत दिलें आणि १९५१-५२ सालीं तें प्रथम बजावलें गेलें. तें सांथीच्या नांवावर कोणी गुंडाळून ठेवूं लागला तर आम्ही डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

निवडणूक कांहीं महिने पुढें ढकलणें नेहमींच गैर असतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण २०२० सालचा अनुभव विसरूं नये. कोरोनामुळें महाराष्ट्रांतील मुदत संपलेल्या हजारों ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुढें गेल्या. तेथें प्रशासक नेमतांना पालकमंत्र्यांचा सल्ला घ्यावा असा हुकूम निघाला, खासगी माणसांच्या नेमणुकीची वाट मोकळी झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाला मध्यें पडावें लागलें. अखेर १५ जानेवारी २०२१ रोजीं मतदान झालें. तारीख न ठरवितां ढकललेली निवडणूक म्हणजे मुदत न लिहिलेलें गहाणखत. तें सोडवितां सोडवितां पिढी जाते.

सांथींत मतदान सुरक्षितपणें होऊं शकतें काय? होय, होऊं शकतें. दक्षिण कोरियांत १५ एप्रिल २०२० रोजीं पार्लमेंटची निवडणूक झाली. दाराशीं प्रत्येकाचा ताप पाहिला, हातमोजे दिले, माणसामाणसांत एक मीटर अंतर ठेवलें, आणि आधीं दोन दिवस आगाऊ मतदान ठेवून गर्दी वांटून टाकली. शेंकडा ६६ हून अधिक मतदारांनीं मत दिलें. त्या मतदानानें रोग पसरल्याचें आढळलें नाहीं, असें तेथील आरोग्यखात्यानें दोन आठवड्यांनीं जाहीर केलें.

परदेश श्रीमंत आहे म्हणाल, तर आपल्या बिहारकडे पाहा. तेथें ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२० मध्यें विधानसभेची निवडणूक झाली. एका केंद्रावर १५०० ऐवजीं १००० च मतदार ठेवले, केंद्रें वाढवून एक लाखावर नेलीं, वेळ एक तास वाढविली, रुग्णांसाठीं शेवटचा तास राखला. मतदान शेंकडा ५७ च्या आसपास, म्हणजे २०१५ पेक्षां कमी नाहीं. आणि बायकांचें प्रमाण पुरुषांहून अधिक! गरीब प्रांतांत जें झालें तें कोठेंहि होऊं शकतें.

मग धोका कोठें होता? हा रोग मुख्यतः श्वासावाटे पसरतो. मत द्यायला दोन मिनिटें लागतात आणि तेथें ओरडावें लागत नाहीं. सभेला मात्र माणसें ट्रकांत कोंबून नेतात, खांद्याला खांदा लावून तासन्‌तास बसवितात आणि घोषणा द्यायला लावतात. २०२१ च्या मार्च-एप्रिलांत दुसरी लाट उसळत असतांना बंगालमध्यें प्रचंड सभा चालूच होत्या. आठ फेऱ्यांपैकीं सहा आटोपल्यावर, २२ एप्रिलला, आयोगानें मिरवणुका बंद केल्या व सभेला ५०० माणसांची मर्यादा घातली. याला वरातीमागून घोडें म्हणतात. आणि त्यानें रोग घरीं नेला तो पुढाऱ्याच्या घरीं कमी, श्रोत्यांच्या घरीं अधिक. सभा ही पुढाऱ्याची गरज आहे, मत ही आमची गरज आहे. ज्याची गरज त्यानें धोका पत्करावा. आम्ही त्याच्यासाठीं कां मरावें?

मतदानाच्या कामावर जुंपलेल्या नोकरांचेंहि स्मरण ठेवलें पाहिजे. उत्तर प्रदेशांत एप्रिल २०२१ मध्यें पंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्या कामावर गेलेले सोळाशेंहून अधिक शिक्षक व शाळा-नोकर दगावले असें शिक्षकांच्या संघटनेनें सांगितलें. सरकारनें आधीं अवघे तीन कबूल केले. ओरड झाल्यावर नियम बदलला व सुमारें दोन हजार कुटुंबांना प्रत्येकीं ३० लक्ष रुपये मंजूर झाले. पैसा मिळाला, पण माणूस परत आला काय? गांवच्या पोराला अक्षर शिकविणारा मास्तर निवडणुकीच्या वेठीला मरूं नये, ही मागणी मतदारांनींच केली पाहिजे.

म्हणून आमचें सांगणें असें. पुन्हां सांथ आली तर, गांवच्या वतीनें तहशिलींत आधींच अर्ज द्या: केंद्राची खोली हवेशीर असावी, खिडक्या उघड्या असाव्यात, रांगेला सावली व खुणा असाव्यात, कामावरच्या नोकरांना मुखपट्ट्या व लस मिळावी. सभेला जाऊं नका. उमेदवाराचें म्हणणें कागदावर मागवा. मताला मुखपट्टी बांधून, आपलें पाणी बरोबर घेऊन जा. मत देऊन थेट घरीं या, पारावर गप्पांना थांबूं नका. ताप असेल तर तें लपवूं नका. वेगळ्या वेळेची सोय मागा. लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरील वृद्धांस घरूनच मत देतां येतें. त्याचा अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पांच दिवसांत करावा लागतो. आजीचा अर्ज नातवानें भरून द्यावा.

जीव कीं मत, असा सवाल जो घालतो त्याला उलट सांगा: दोन्ही आमचेंच आहे, आणि दोन्ही संभाळण्याची व्यवस्था करणें हें तुमचें काम आहे. त्यासाठींच आम्ही सारा भरतों.