नवा धंदा टाकण्याआधी जुना एकदा पुन्हा खेळून बघा



विषय ऐकून काही जण हसतील. उद्योगावर बोलणारा माणूस व्हिडिओ गेमवर काय लिहायला बसला? पण गेले काही रविवार मी 'अनचार्टेड' ही जुनी मालिका पीएस ५ वर पुन्हा खेळतोय, आणि खेळता खेळता एक मत पक्कं झालंय. आपल्यातल्या बऱ्याच जणांना नव्या धंद्याची गरजच नाही. घरात जो धंदा आहे, त्याचंच नीट रिमास्टर करायची गरज आहे.

टेंभुर्णीत मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा असतो: "सर, हायवेला वडिलांचं हॉटेल आहे, पण जुनं झालंय. ते पाडून कॅफे टाकू का?" हॉटेलच्या जागी कधी कापडाचं दुकान असतं, कधी पिठाची गिरणी, कधी खताचं दुकान. प्रश्न तोच. आणि त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो, तो कोणी बोलून दाखवत नाही: वडिलांचं मन न मोडता आपलं काही करता येईल का? तर त्या मुलांसाठी हे लिहितोय.

रिमास्टर म्हणजे नेमकं काय?

जुना गेम घ्यायचा. गोष्ट तीच, पात्रं तीच, आवाज तेच. चित्र स्पष्ट करायचं, वेग वाढवायचा, हाताळणी सोपी करायची आणि नव्या मशीनवर चालवायचा. याला म्हणतात रिमास्टर. सगळं पाडून पायापासून पुन्हा बांधलं तर तो रिमेक. दोन्हींचा खर्च वेगळा आणि धोकाही वेगळा.

आपल्या भागात हे कळायला अवघड नाही. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी लगेच नवी घेत नाही, भरायला टाकतो. बॉडी जुनी, आतली वायंडिंग नवी. आपला रिवाइंडिंगवाला रोज रिमास्टरच करत असतो, फक्त तो त्याला तसं म्हणत नाही.

चव तीच ठेवा, वेग वाढवा

'अनचार्टेड'चे पहिले तीन भाग पीएस ३ वर २००७, २००९ आणि २०११ साली आले. नॉटी डॉग या कंपनीने ते बनवले. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये हे तिन्ही भाग एकत्र करून पीएस ४ साठी आणले गेले. ते काम ब्लूपॉइंट नावाच्या दुसऱ्या कंपनीने केलं. ती डिस्क आज पीएस ५ वरही चालते. चौथा भाग (२०१६) आणि 'द लॉस्ट लेगसी' (२०१७) हे दोन गेम २८ जानेवारी २०२२ ला खास पीएस ५ साठी सुधारून आले.

यात मोठा बदल कोणता? मूळ गेममध्ये सेकंदाला साधारण ३० चित्रं दिसायची, ती आता ६० दिसतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हातात कंट्रोलर घेतला की फरक कळतो. बटण दाबलं की माणूस लगेच उडी मारतो, अडखळत नाही. गोष्टीतला एक शब्दही न बदलता गेम नवा वाटायला लागतो.

आता हेच हायवेच्या हॉटेलला लावा. पुण्याहून सोलापूरला जाणारा माणूस टेंभुर्णीत थांबतो, त्याच्याकडे वीस मिनिटं असतात. तुमच्या उजनीच्या माशाची चव त्याला आवडते, म्हणूनच तो थांबतो. वैताग येतो तो ऑर्डरला लागणाऱ्या वेळाचा, बिलासाठी ताटकळण्याचा आणि अस्वच्छ बाथरूमचा. चव आहे तशी ठेवून एवढं सुधारलं, तर तुमचं हॉटेल ३० वरून ६० वर गेलं म्हणायचं. पण आपली मुलं करतात उलटं. छताला रंगीत लाइट लावतात, मेनूत पास्ता घालतात, आणि बिल मात्र अजून वडीलच पाटीवर खडूने जोडत बसलेले असतात.

रंगाने दोष झाकत नाहीत

रिमास्टरची मर्यादाही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सर नुसतं कौतुक करतात. पहिल्या 'अनचार्टेड'मध्ये पाण्यावर जेट-स्की चालवत गोळ्या झाडण्याचा भाग आहे. तो मूळ गेममध्ये कंटाळवाणा होता, नव्या चित्रातही कंटाळवाणाच आहे. ब्लूपॉइंटने नेम धरण्याची पद्धत सुधारली, हाताळणी पुढच्या भागांसारखी केली. पण जो भाग मुळातच फसलेला होता, तो चकचकीत करूनही फसलेलाच राहिला.

म्हणून रंगकामाआधी एक गोष्ट तपासा: तुमच्या धंद्यात मुळातच फसलेलं काय आहे? उधारी वसूल होत नसेल, तर नवीन बोर्डाने होणार नाही. माल खराब लागत असेल, तर पॅकिंग बदलून लोक एकदाच फसतील.

वडिलांना विचारल्याशिवाय मेनूला हात लावू नका

आता बिघडलेल्या रिमास्टरची गोष्ट. 'व्हाइस सिटी' माहीत नसलेला मुलगा आपल्याकडे शोधावा लागेल. सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन एक पिढी तो गेम खेळली. 'जीटीए ३' (२००१), 'व्हाइस सिटी' (२००२) आणि 'सॅन अँड्रियास' (२००४) हे तिन्ही सुधारून ११ नोव्हेंबर २०२१ ला बाजारात आले. जगभर लोक वाट बघत होते. आणि काय निघालं? पात्रांचे चेहरे विचित्र, पावसात समोरचं दिसेना, आणि दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरंच चुकलेली. जुनी चित्रं मोठी करण्याचं काम मशीनवर सोपवलं होतं. पाटीवर काय लिहिलंय हे मशीनला कळत नव्हतं, आणि बाजारात आणण्याआधी ते कोणी नीट वाचलंही नाही. आठवडाभरात रॉकस्टार कंपनीला माफी मागावी लागली. हा गेम बराचसा सुधारला तो २०२४ च्या नोव्हेंबरमधल्या मोठ्या अपडेटनंतर, म्हणजे तीन वर्षांनी.

आपल्याकडे हे रोज घडतं. मुलगा धंदा हातात घेतो आणि पहिल्या महिन्यात पाट्या बदलतो. पण अमुक गिऱ्हाइकाला रस्सा वेगळ्या वाटीत का द्यायचा, अमुक व्यापाऱ्याकडूनच मिरची का घ्यायची, हे कागदावर कुठेच नसतं. ते वडिलांच्या आणि आईच्या डोक्यात असतं. "आण्णा, तुम्ही आता आराम करा" असं म्हणून त्यांना बाजूला बसवलंत, तर अर्धा धंदा त्यांच्याबरोबर बाजूला बसतो. आधी महिनाभर त्यांच्या शेजारी बसा आणि लिहून काढा. मग बदला.

जुनं चालू ठेवून नवं सुरू करा

त्याच जीटीएच्या वेळी कंपनीने दुसरी एक गोष्ट केली, ती माझ्या मते जास्त वाईट होती. नवा संच यायच्या आधीच, ऑक्टोबर २०२१ मध्ये, जुने गेम ऑनलाइन दुकानातून काढून टाकले. म्हणजे नवा बिघडलेला आणि जुना मिळेना. लोक चिडल्यावर पीसीसाठी जुने गेम परत आणावे लागले.

तुमच्याकडे मोठी कंपनी नाही, परत आणायला पैसे नाहीत. म्हणून कॅफेची हौस असेल, तर हॉटेलच्या एका कोपऱ्यात चार टेबलं टाकून तीन महिने चालवून बघा. चाललं तर वाढवा. नाही चाललं, तर टेबलं कुठे जात नाहीत.

तारीख म्हणजे शब्द असतो

आता आपल्या घरची गोष्ट. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा २००३ चा गाजलेला गेम. त्याचा रिमेक युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केला, आणि काम दिलं होतं त्यांच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंना. आपल्या मुलांसाठी अभिमानाचा क्षण होता. पण ट्रेलर दाखवला आणि चित्रांवर जोरदार टीका झाली. जानेवारी २०२१ ची तारीख दिली होती, ती मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे ढकलली. मे २०२२ मध्ये काम पुण्यामुंबईकडून काढून कॅनडातल्या मॉन्ट्रियलला दिलं, जिथे मूळ गेम बनला होता. तिथे जाऊनही तो गेम बाजारात काही आला नाही.

यावरून काही जण म्हणतात, आपल्या पोरांना जमत नाही. मला हे अजिबात पटत नाही. मॉन्ट्रियललाही तो पूर्ण करता आलेला दिसला नाही. मला दिसते ती वेगळी चूक: कच्चा माल लोकांसमोर मांडला आणि चार महिन्यांनंतरची तारीख देऊन टाकली. तुम्ही उद्घाटनाची पत्रिका छापता, गावभर बॅनर लावता आणि त्या दिवशी फ्रीजचं कनेक्शन आलेलं नसतं, तेव्हा तुमचंही असंच होतं. काम आटोक्यात आल्याशिवाय तारीख सांगू नका. सांगितलीत, तर पाळा.

जुन्या गिऱ्हाइकाचा हक्क आणि हंगाम

"सर, तोच माल पुन्हा विकणं ही लबाडी नाही का?" असंही विचारलं जातं. किती पैसे कोणाकडून घेता, यावर ते ठरतं. 'अनचार्टेड'चा पीएस ५ संच अमेरिकेत सुमारे ५० डॉलरला होता. पण ज्यांनी त्यातला पीएस ४ वरचा एक जरी गेम आधी विकत घेतला होता, त्यांना तो १० डॉलरमध्ये मिळाला. मला हे बरोबर वाटतं. हॉटेल नवं करून थाळी वीस रुपयांनी महाग करणार असाल, तर रोज येणारे ड्रायव्हर, कारखान्याचे कामगार, एमआयडीसीतली मुलं यांच्यासाठी मासिक पास काढा. दहा वर्षं त्यांच्याच पैशावर तुमचं घर चाललंय.

आणि वेळ बघा. २०१५ चा संच चौथ्या भागाच्या सात महिने आधी आला, म्हणजे नवी गिऱ्हाइकं जुन्या गोष्टीला सरावली आणि मग नवा माल आला. २०२२ चा संच 'अनचार्टेड' सिनेमाच्या तीन आठवडे आधी आला. आपला सिनेमा म्हणजे ऊसाचा गळीत हंगाम, आणि आषाढी-कार्तिकीला टेंभुर्णीवरून पंढरपूरकडे वळणाऱ्या गाड्या. दुरुस्ती त्याआधी संपलेली हवी. ऐन कार्तिकीत फरशी उखडून ठेवणारे मी बघितलेत.

कर्जाआधी एवढा हिशेब करा

समजा, इंटिरिअरसाठी पाच लाख कर्ज काढलं, १२ टक्के व्याज, पाच वर्षं मुदत. हप्ता येतो सुमारे ११,१०० रुपये, म्हणजे दिवसाला ३७० रुपये. एका थाळीमागे सगळा खर्च जाऊन २५ रुपये सुटत असतील, तर रोज १५ थाळ्या जास्त विकल्या पाहिजेत. एकही सुट्टी न घेता, पाच वर्षं. आणि एवढं करून फक्त हप्ता फिटतो, तुमच्या खिशात काही येत नाही. भिंतीच्या रंगामुळे रोज १५ माणसं वाढतील का? वाढतील असं छातीठोक सांगता येत असेल, तर काढा कर्ज. नाहीतर आधी एक जास्तीची शेगडी, एक बिलिंग मशीन आणि स्वच्छ बाथरूम एवढ्यावर सुरुवात करा.

या आठवड्याचं काम

गेम दुसऱ्यांदा खेळताना गोष्ट माहीत असते, त्यामुळे लक्ष बांधणीकडे जातं. कुठे रेंगाळतो, कुठे मजा येते, कुठे चिडचिड होते, ते दिसतं. तुमच्या धंद्याशीही तसंच करा.

१. गल्ल्यावरून उठा आणि गिऱ्हाईक म्हणून आत या. गाडी लावण्यापासून पैसे देईपर्यंत प्रत्येक टप्प्याला किती मिनिटं लागली, घड्याळ लावून लिहा.

२. दहा जुन्या गिऱ्हाइकांना एकच प्रश्न विचारा: "आम्ही उद्या बंद केलं तर तुम्हाला कशाची आठवण येईल?" जे उत्तर पुन्हा पुन्हा येईल, त्याला हात लावायचा नाही.

३. एका कागदावर तीन रकाने करा: ठेवायचं, सुधारायचं, काढायचं. काढायच्या रकान्यावर घरच्यांशी बोला. 'अनचार्टेड'च्या दोन्ही संचांतून ऑनलाइन एकमेकांशी खेळायचा भाग काढला होता, काही लोक नाराज झाले. नाराजी येणारच, पण कोणाची येतेय हे आधी माहीत हवं.

४. एका वेळी एकच बदल करा आणि पंधरा दिवस गल्ला बघा.

कागद भरून झाला की तो वडिलांसमोर ठेवा आणि त्यांना पहिला रकाना आधी वाचू द्या. आपल्या कामातलं इतकं ठेवण्यासारखं आहे, हे पोराच्या अक्षरात वाचल्यावर पुढचे दोन रकाने ते नक्कीच शांतपणे ऐकतील.